फाटकासकट पळालेली घोडी

नालबंद अकराला येणार होता. साडेदहालाच मी पोराला म्हणालो, "मैनेला बाहेर काढ आणि फाटकाला बांधून ठेव." वीस वर्षं घोड्यांत काढलेला माणूस मी, आणि हे बोलून गेलो.

मैना दोन वर्षांची, पंचकल्याणी. चारही पाय आणि कपाळ पांढरं. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. तिथे तापीकाठी अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून दोर, घालून ती दिवसभर गुपचूप उभी होती. गर्दी, भोंगे, आकाशपाळणे, कशाचं काही नाही. मी मालकांना छातीठोक सांगितलं, बांधायला शिकलेली आहे, एक काम वाचलं. तिच्या दोन्ही बाजूंना आठ-दहा जनावरं दावणीला होती, म्हणून ती उभी होती. घोडा कळपातला. शेजारचा डुलक्या घेत असला की हाही डुलक्या घेतो. एवढी साधी गोष्ट, पण तेव्हा डोक्यात आली नाही.

आमचा तबेला पुण्याहून सासवडकडे जाताना लागतो. त्या दिवशी बाकीचे घोडे रपेटीला गेले होते, आवारात मैना एकटी. रस्त्यावरून टेम्पो गेला आणि त्याची ताडपत्री फडफडली. मैनेनं मान वर टाकली, दोरी ताणली गेली, डोक्यात घातलेल्या मोरकीचा पट्टा कानांमागे रुतला. न शिकलेला घोडा अशा वेळी पुढे येत नाही, मागे रेटतो. रेटला की पट्टा आणखी रुततो, रुतला की तो आणखी रेटतो. मैना पुढचे पाय रोवून जवळजवळ खालीच बसली. मी धावलो, पण पोरानं मारलेली निरगाठ ओढीनं दगड झाली होती. खिशात चाकू नाही. तेवढ्यात फाटक बिजागऱ्यांतून निघालं आणि ती ते घेऊन पळाली. ती पळेल तसं ते लोखंड खडखडत पाठीशी, त्यामुळे ती आणखी पळाली. कडबाकुट्टीच्या शेडपाशी फाटक अडकलं, मोरकीची कडी तुटली, तेव्हा कुठे थांबली.

मागच्या पायाच्या नडगीला चीर, कानांमागे सालपट निघालेलं. डॉक्टरांनी आधी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याला तो फार पटकन धरतो. मी पोरावर ओरडलो. चूक माझी, ओरडणाराही मीच.

संध्याकाळी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या घोडे शिकवणाऱ्या म्हाताऱ्या चाबुकस्वारांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दोरी ओढली की पुढं यायचं, हे तिला शिकवलं होतंस का? नाही ना? मग बांधलीस कशाला?"

जखमा भरेपर्यंत मोरकी घातली नाही. मग मुळापासून सुरुवात. दोरी हातात धरून हलका ताण द्यायचा आणि तेवढाच धरून ठेवायचा. तिनं नुसतं अंग पुढं झुकवलं तरी त्या क्षणी सोडायचं. पहिल्या दिवशी एका पावलाला दहा मिनिटं गेली. आठवड्यानं दोन बोटांनी ओढलं तरी यायला लागली. पुढे चिंचेच्या बुंध्याला, तिच्या खांद्याहून वर, ट्रकची जुनी ट्यूब बांधली आणि दोरी त्या ट्यूबला. हिसका दिला तरी रबर ताणतं, मानेला धक्का बसत नाही. दोरी हातभरच; लांब सोडली तर पाय अडकतो. आणि गाठ सुरगाठ, टोक ओढलं की मोकळी.

मग तिनं नवी खोड काढली: टापेनं जमीन उकरायची. चिंचेखाली घमेलंभर खड्डा केला. दोन दिवस पाहिल्यावर लक्षात आलं, ती उकरते आणि मी लगबगीनं तोबरा घेऊन जातो. म्हणजे उकरलं की चणे मिळतात, हे मीच पढवलं होतं. तिसऱ्या दिवशी बादली उलटी घालून समोर बसलो. पाऊण तास तिनं माती उडवली, फुरफुरली, खिंकाळली. उठावंसं पाच वेळा वाटलं. मग टाप थांबली, मान खाली आली. मनात शंभर मोजले आणि सोडली. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांत थांबली.

नालबंद पुन्हा आला तेव्हा सोबतीला एक म्हातारा घोडा शेजारी बांधला होता. मैना मागचा एक पाय टेकवून, खालचा ओठ लोंबकळत ठेवून उभी. खूर तासणं चालू असताना रस्त्यावर टेम्पो वाजला. कान वळले, मान वर गेली, दोरी ताणली. माझा हात सुरगाठीच्या टोकावर. तिनं एक पाऊल पुढं टाकलं, दोरी सैल पडली.

नालबंदानं मानही वर केली नाही. "आज फाटक कुठंय?" म्हणाला.

"वेल्डिंगला दिलंय," पोरानं सांगितलं.