सोलापूरहून ज्यू वारसा सहल: आधी पंचांग, मग नकाशा

पुणे, लोणावळा, अलिबाग, मुंबई हा रस्ता सोलापूरच्या गाडीवाल्यांना तोंडपाठ आहे. म्हणून ज्यू वारसा बघायची गटसहल ठरली की सगळे आधी किलोमीटर मोजायला बसतात, आणि पहिला घोळ तिथेच होतो. सिनेगॉग म्हणजे तिकीट काढून आत जायची जागा नव्हे. ते ज्यूंचं चालतं प्रार्थनास्थळ आहे, त्याची किल्ली कुणाच्या तरी घरी असते आणि शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस असतो. तेवढ्या वेळात फोटो नाही, पैशाचा व्यवहार नाही, माहिती सांगायला कुणी मोकळं नाही. शुक्रवारी दुपारनंतर घराघरांत शब्बाथची तयारी चालते, म्हणून तो अर्धा दिवसही धरू नये. शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री परत, हा आपला नेहमीचा साचा या सहलीला अजिबात चालत नाही.

रविवारी सकाळी निघा आणि गुरुवारी रात्री परतीच्या गाडीत बसा. शनिवार आपोआप टळतो, लोणावळा आणि अलिबागची वीकेंडची गर्दी व वाढलेले दर टळतात, आणि सोमवारी बंद असणारी घारापुरी गुरुवारी मोकळी सापडते.

महिना निवडताना ज्यू पंचांग बघायलाच हवं. आपल्या अधिक महिन्यासारखा त्यांच्याकडेही १९ वर्षांत ७ वेळा जादा महिना येतो, त्यामुळे सणांच्या इंग्रजी तारखा दरवर्षी सरकतात. रोश हशाना, योम किप्पुर, सुक्कोथ हे सगळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ओळीने येतात. त्या तीन-चार आठवड्यांत कुठल्याही विश्वस्तांकडे परवानगी मागू नका. पावसाळ्यात मांडवा-गेटवे लाँच बंद असतात आणि लेण्यांच्या पायऱ्या निसरड्या होतात. डिसेंबरचा शेवटचा आठवडा अलिबागला परवडत नाही. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा आणि गड्डा सोडून सोलापूरकर गावाबाहेर पडणार नाही, ते वेगळंच. उरतो नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरचा मध्य, किंवा जानेवारीचा शेवट.

परवानगीचं पत्र किमान तीन-चार आठवडे आधी, प्रत्येक सिनेगॉगच्या विश्वस्तांना वेगळं पाठवावं. त्यात गटाची संख्या, तारीख, पोचायची वेळ, सगळ्यांची नावं आणि ओळखपत्रांचा तपशील लिहावा. २००८ च्या मुंबई हल्ल्यात नरिमन हाऊस हे ज्यू केंद्रही लक्ष्य झालं होतं. त्यानंतर बंदोबस्त कडक आहे. दारावर मूळ ओळखपत्र मागतात, झेरॉक्सवर भागेलच असं नाही. मोठ्या बॅगा गाडीतच ठेवाव्यात. यादीत नसलेला माणूस ऐनवेळी घुसवला की सगळा गट खोळंबतो. दोन दिवस आधी पुन्हा फोन करा आणि वेळेवर पोचा. कोकणात ज्यू कुटुंबं आता मोजकीच उरली आहेत, बरीच मंडळी १९४८ नंतर इस्राएलला गेली. तुमच्यासाठी दार उघडणारा माणूस बहुधा आपलं काम सोडून आलेला असतो, त्याला दोन तास ताटकळत ठेवणं बरं नव्हे.

गट किती जणांचा? ३०. त्याला दोन कारणं आहेत. एका रेल्वे तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, म्हणजे सहा-सहांची पाच तिकिटं नीट होतात. आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि परतीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस लवकर भरते. दुसरं कारण गाडीचं. ४५ सीटची बस अलिबागच्या इस्राएल आळीत किंवा रेवदंड्याच्या गल्ल्यांत वळत नाही. १७ सीटच्या दोन टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. सीट ३४ होतात म्हणून ३४ माणसं भरायचा मोह होतो, पण या गाडीला सामानाची जागा बेताची असते आणि मग बॅगा मधल्या वाटेत येतात. उरलेल्या चार सीटपैकी दोन संयोजकाला आणि माहितगाराला, दोन सामानाला. गाड्या सोलापूरहून नेऊ नका. जाताना सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस, पुण्यात गाड्या ताब्यात, मुंबईत सोडून द्यायच्या. गाडीवाल्याशी एकेरी प्रवासाचा दर आणि रिकाम्या परतीचं भाडं आधीच लेखी ठरवा, नाहीतर मुंबईत वाद होतो.

पुण्यात कॅम्पातलं ओहेल डेव्हिड, म्हणजे पुणेकरांचं लाल देऊळ, १८६७ चं. मुंबईचे बगदादी ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी ते बांधायला घेतलं. १८६४ मध्ये ते पुण्यातच वारले आणि त्यांची कबर याच आवारात आहे. रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो १९२१ चं. दोन्ही एकाच दिवशी, याच क्रमाने दाखवा, कारण सहलीतला सगळ्यात मोठा गोंधळ इथे मिटतो. पहिलं बगदादी ज्यूंचं आहे. हे लोक अठराव्या-एकोणिसाव्या शतकात व्यापारासाठी इराककडून आले, अरबी बोलत आले. दुसरं बेने इस्राएलांचं, ज्यांची घरची भाषा मराठी आणि आडनावं गावांवरून: दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर. हा फरक सांगितला नाही तर लोक शेवटपर्यंत सगळ्यांना ‘ससूनचे लोक’ समजतात.

सोमवारी कार्ला. चैत्यगृह सुमारे ४५ मीटर लांब, छताच्या लाकडी कमानी मूळच्या. खांबांवरचे लेख नक्की दाखवा. धेनुकाकट गावच्या यवन दात्यांची नावं तिथे कोरलेली आहेत, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेली माणसं या घाटवाटेवर वावरत होती. ज्यूंच्या कोकणातल्या आगमनाची कथा ऐकण्याआधी हे डोळ्यांनी बघितलेलं बरं. भाजे जवळच आहे, पण गटात साठीच्या पुढची मंडळी असतील तर दोन्हीकडच्या पायऱ्या एका दिवसात लादू नका.

घाट उतरून पेणमार्गे अलिबागला मुक्काम. मंगळवार पूर्ण कोकणाचा, तो कापू नका. सकाळी नवगाव. परंपरा सांगते की या किनाऱ्याजवळ बेने इस्राएलांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना इथे पुरलं. दफनभूमीत स्मारक आहे. माहिती देणाऱ्याने ‘परंपरा सांगते’ हे शब्द गाळू नयेत. जहाज अमुक साली फुटलं याचा शिलालेख नाही. पुढे ही मंडळी तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. घाणा बंद ठेवायचा म्हणजे त्या दिवसाची कमाई सोडायची, हे तेलाचा धंदा माहीत असलेल्या आपल्या भागात समजावून सांगावं लागत नाही.

नंतर खंडाळ्याचं एलियाहू हनावीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, ठिकाण. हे खंडाळा अलिबाग तालुक्यातलं. ड्रायव्हरने मोबाईलवर नुसतं ‘खंडाळा’ टाकलं तर गाडी पुन्हा बोरघाट चढेल, म्हणून आदल्या रात्रीच ठिकाण नकाशावर खूण करून द्या. खडकावरच्या खुणा एलिया संदेष्ट्याच्या रथाच्या चाकाच्या आणि घोड्याच्या टापांच्या, अशी श्रद्धा आहे. तू बिश्वातला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या एका पौर्णिमेला, समाजाची मंडळी इथे येऊन मलिदा करतात. भिजवलेले पोहे, खोवलेलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा आणि सोबत फळं, असं त्याचं ताट. तो दिवस त्यांचा आहे. आमंत्रण नसेल तर ३० जणांनी तिथे जाऊन मोबाईल वर धरू नयेत.

दुपारी अलिबागचं मागेन अबोथ, मग रेवदंड्याचं बेथ एल. आत गेल्यावर काय बघायचं ते बाहेरच सांगून ठेवा, कारण आत सगळे एकदम बोलतात. मधोमध कठड्याचा चौथरा म्हणजे तेवा, तिथून तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ वाचतात. पश्चिमेच्या भिंतीतलं, पडद्याआडचं कपाट म्हणजे हेखाल. आपल्याकडून जेरुसलेम पश्चिमेला, म्हणून दिशा पश्चिम. आत चामड्यावर हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळ्या असतात. पडदा स्वतः सरकवायचा नाही, गुंडाळीला बोट लावायचं नाही. पुरुषांनी डोकं झाकायचं. गांधी टोपी किंवा रुमाल चालतो, प्रत्येक गाडीत पाच-सहा जादा टोप्या ठेवाव्यात. स्त्रियांचे खांदे झाकलेले असावेत. चपला कुठे काढायच्या ते तिथल्या माणसाला विचारा. रेवदंड्याशेजारी चौल आहे, जुनं बंदर. उजेड असेल तर रामेश्वराचं देऊळ करा.

डब्याबद्दल: कडक भाकरी आणि शेंगाचटणी चार दिवस सहज टिकते, पण आवारात डबे उघडू नका. ज्यूंच्या आहारनियमात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, आणि बाहेरचं अन्न आत आलेलं आवडत नाही. आवारातल्या दानपेटीत मात्र गटाच्या नावाने एकच रक्कम टाका, जमलं तर पावती घ्या. माणशी खर्चात ती आधीच धरून ठेवावी.

बुधवारी मांडव्याहून रो-रोने, म्हणजे गाड्यांसकट नेणाऱ्या बोटीने, भाऊचा धक्का, तासाभराचा प्रवास. गाड्यांची जागा आधी आरक्षित करावी लागते. बोट लागणारे जास्त असतील तर पेण-पनवेलच्या रस्त्याने या, पनवेललाही जुनं बेथ एल आहे. धक्क्यापासून भायखळ्याचं १८६४ चं मागेन डेव्हिड जवळ, मग फोर्टातलं १८८४ चं निळं केनेसेथ एलियाहू. शेवटी मशीद बंदरजवळचं शार हरहमीम. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग, १७९६ चं. तिकडे गाडी नेऊ नका. घाऊक बाजाराच्या हातगाड्यांत एकदा अडकली की तास गेला. मशीद स्टेशनहून चालत जा.

गुरुवारी घारापुरी. सकाळी नऊच्या आसपास गेटवेहून निघालात तर सदाशिवाच्या मूर्तीसमोर शांतपणे उभं राहता येतं. सामान आधीच सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि तिकीट दाखवावं लागतं. म्हणून सोलापूर सोडतानाच प्रत्येकाकडे छोटं कुलूप आहे का ते बघा, नाहीतर सकाळी बोट सोडून सगळा गट कुलपं शोधत फिरतो.