तुम्ही विचारलंत म्हणून: मैत्रीने अढी जाते का?

पुण्याहून फोन आला की हवापाणी, पोरांचे अभ्यास झाल्यावर कुणीतरी हा प्रश्न टाकतंच. मी नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये राहते. इथली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीय आहे आणि माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण त्यांच्यातलीच. "मग खरं सांग, अशी मैत्री झाली की मनातली अढी जाते का गं?"

जाते. ज्याच्याशी मैत्री झाली त्याच्यापुरती तर लवकरच जाते. बाकीच्यांपर्यंत ते पोचायला मात्र फार वेळ लागतो, आणि कधीकधी पोचतच नाही.

डरहॅममध्ये या प्रश्नाचं उत्तर म्हणून अ‍ॅन अ‍ॅटवॉटर आणि सी. पी. एलिस यांची गोष्ट हमखास सांगितली जाते. अ‍ॅटवॉटर ही लोकांच्या घरची कामं करून दोन मुली वाढवलेली कृष्णवर्णीय बाई, गरीब भाडेकरूंसाठी नगरपालिकेशी भांडणारी. एलिस हा कर्जाने गांजलेला गोरा पेट्रोलपंपवाला आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या संघटनेच्या डरहॅम शाखेचा प्रमुख. एका सभेत आपण त्याच्यावर चाकू काढला होता, हे तिनेच पुढे सांगितलंय. १९७१ साली कोर्टाच्या आदेशाने इथल्या शाळांमध्ये गोरी-काळी मुलं एकत्र बसणार होती आणि गाव पेटलेलं होतं. तेव्हा बिल रिडिक नावाच्या संयोजकाने दहा दिवसांची बैठक भरवली आणि अध्यक्ष म्हणून या दोघांनाच शेजारी शेजारी बसवलं!

पहिले काही दिवस एकमेकांचं तोंड बघायची तयारी नव्हती. पण कामं वाटून घ्यायची, लोकांना बोलावून आणायचं, त्यामुळे बोलावं लागलं. बोलता बोलता कळलं, की दोघांच्याही मुलांना शाळेत आईबापांवरून टोमणे ऐकावे लागतात. दोघंही गरीब, दोघांचीही पोरं त्याच मोडक्या शाळांमध्ये. दहाव्या दिवशी एलिसने भर सभेत आपलं क्लॅनचं ओळखपत्र फाडलं. जुन्या सोबत्यांनी त्याला वाळीत टाकलं. पुढे तो कामगार संघटनेत गेला आणि बहुसंख्य कृष्णवर्णीय सभासदांनी त्याला पदाधिकारी म्हणून निवडून दिलं. २००५ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीला अ‍ॅटवॉटर बोलली.

ऐकणाऱ्याला वाटतं, बघा, मैत्रीने काय चमत्कार केला. माझं मत जरा वेगळं आहे. मैत्री इथे शेवटी आली, आधी होतं ते अडलेलं काम. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली हेच मांडलं होतं: नुसती ओळखदेख पुरत नाही. दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवं, एकमेकांवाचून ते साधता कामा नये, आणि वरून कायद्याचा किंवा संस्थेचा पाठिंबा हवा. डरहॅमच्या त्या खोलीत हे सगळं होतं, कोर्टाच्या आदेशासकट. मोलकरीण आणि मालकीण तीस वर्षं एका घरात वावरतात, जीवही लावतात, पण ती ओळख यात बसत नाही. (ही गोष्ट तुम्हाला अमेरिकेची वाटत असेल, तर आपल्याकडच्या वेगळ्या ठेवलेल्या कपबशा आठवा.)

आमची मैत्रीही अशीच झाली. ड्रायव्हर नाहीत म्हणून शाळेची बस बंद पडली. सकाळी मी दोघींच्या मुलांना सोडायचे, दुपारी ती आणायची. तिचा मुलगा सोळाचा झाला आणि गाडी शिकू लागला, तेव्हा एकदा मी मागे बसले होते. गिअर-ब्रेक सगळं नंतर. आधी तिने त्याला गाडीचे कागद समोरच्या खणातून काढून वर, नजरेसमोर ठेवायला लावले. पोलिसांनी थांबवलं तर खणाकडे हात न्यायचा नाही, काळा मुलगा बंदूक काढतोय असं त्यांना वाटू नये म्हणून. दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पसरलेली. लायसन्स काढायच्या आधी "काढतोय" असं मोठ्याने सांगायचं. हे तिने त्याच्याकडून तीनदा करून घेतलं. माझ्या मुलीला हे शिकवायची मला गरज पडलेली नाही.

सासूबाई वर्षातले काही महिने आमच्याकडे असतात. पूर्वी ठरावीक चौकात गाडी थांबली की त्या दाराची कडी तपासायच्या. आता तो मुलगा रात्री उशिरा गाडी घेऊन निघाला की दहादा विचारतात, "पोचला का गं तो?" त्यांची माया खोटी नाही. पण दुकानात त्याच वयाचे, तशाच टोप्या घातलेले चार मुलगे समोरून आले की पर्स छातीशी जाते. मी विचारलं तर म्हणतात, "अगं, आपला तो वेगळा!"

गाडं अडतं ते इथे. ज्याला जवळ केलं त्याला अपवाद ठरवून टाकायचं, म्हणजे नियम शाबूत. 'आमचे पुष्कळ दलित मित्र आहेत' हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना हे नव्याने सांगायला नको.

पेटिग्रू आणि ट्रॉप या अभ्यासकांनी २००६ मध्ये पाचशेहून अधिक पाहण्या एकत्र करून तपासल्या. संपर्काने पूर्वग्रह बहुतेक ठिकाणी कमी होतो, असंच त्यातून दिसलं. पण बहुसंख्याकांच्या मनावर जेवढा परिणाम होतो तेवढा अल्पसंख्याकांच्या मनावर होत नाही, हेही त्यांनीच दाखवलंय. त्याआधी, १९८६ च्या एका अभ्यासात असं आढळलं होतं, की कृष्णवर्णीय मित्र असलेल्या गोऱ्यांच्या मनात आपुलकी जास्त असते, पण नोकऱ्या, घरं, शाळा यांत सरकारने समानतेसाठी काही करावं का म्हटलं, की त्यांची मतं इतर गोऱ्यांपेक्षा फारशी वेगळी नसतात. डरहॅममध्येही तेच झालं. एलिस-अ‍ॅटवॉटर आयुष्यभर मित्र राहिले आणि गोरी कुटुंबं शहराच्या शाळा सोडून जात राहिली. शहराच्या आणि काउंटीच्या (म्हणजे आजूबाजूच्या जिल्ह्याच्या) शाळा एक झाल्या त्या थेट १९९२ मध्ये, प्रशासकीय निर्णयाने.

आपली मंडळी यात कुठे आहेत? घर घेताना 'एरिया कसा आहे' आणि 'शाळेचं रेटिंग किती' हे दोन प्रश्न विचारणारी. मंडळाच्या गणपतीत मी हे बोलले की विषय मोदकांवर जातो.

म्हणून कुणी "आम्हीही अशी मैत्री करावी म्हणतोय" म्हणालं, की मी सांगते, मैत्री करायला जाऊ नका. शाळेच्या पालकसभेत जा, निवडणुकीच्या मतदान केंद्रावर काम करा, जिथे त्यांच्यावाचून तुमचं अडेल तिथे जा. नुसत्या मैत्रीसाठी आलेलं माणूस समोरच्याला लगेच ओळखू येतं. २०२० च्या उन्हाळ्यात, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेल्यानंतर, माझ्या मैत्रिणीला वर्षानुवर्षं न बोललेल्या गोऱ्या ओळखीच्यांचे धडाधड मेसेज आले: कशी आहेस, तुझी आठवण येते. तिने मला फोन दाखवला आणि म्हणाली, "माझं काय चाललंय ते राहिलं बाजूला, आता या सगळ्यांची समजूत मी काढत बसू?"