बांध कोरलेला मतदारसंघ

आण्णा अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अँडोव्हरला आले ते ऐन निवडणुकीच्या दिवसांत. घरासमोरच्या हिरवळीवर उमेदवारांच्या नावांच्या छोट्या पाट्या रोवलेल्या. तिसऱ्या दिवशी फिरून आल्यावर त्यांनी बूट काढता काढता विचारलं, "तुमचा मतदारसंघ कुठला गं?"

मी सांगितलं, "राज्याच्या सिनेटसाठी, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहासाठी, दुसरा एसेक्स आणि मिडलसेक्स."

"हे काय नाव झालं? गाव कुठाय त्यात?"

मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याच्या मतदारसंघांना गावाचं नाव नसतं. एसेक्स आणि मिडलसेक्स ही काउंट्यांची, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यांसारखी नावं, आणि नावाआधी पहिला-दुसरा असा क्रम. आण्णांना ते पटेना. आमचं मूळ गाव कवठे महांकाळ तालुक्यातलं. तालुक्याचा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत गेला आणि २००९ पासून 'तासगाव-कवठे महांकाळ' झाला. निदान नाव तरी राहिलं, असं आण्णा अजून म्हणतात. शिवाय ते भूमी अभिलेख खात्यातले भूकरमापक. तेहतीस फुटांची साखळी घेऊन आयुष्यभर लोकांच्या शेतांच्या हद्दी कायम केलेला माणूस. हद्द कुणी आखली आणि का, हे त्यांना कळल्याशिवाय चैन पडत नाही.

म्हणून त्यांना इथल्या मातीतली एक गोष्ट सांगितली. आम्ही राहतो ते अँडोव्हर १८१२ साली जगातल्या सगळ्यात बदनाम मतदारसंघात होतं.

तोवर इथे सिनेटचे मतदारसंघ काउंटीच्या हद्दी धरून असत. एसेक्स काउंटी एक होती आणि तिथून पाच सिनेटर निवडून जायचे. किनाऱ्यावरच्या व्यापारी गावांमुळे पारडं फेडरलिस्ट पक्षाचं जड. सत्तेत मात्र डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन हा दुसरा पक्ष होता. त्यांनी विधिमंडळात कायदा करून काउंटी दोन भागांत चिरली. चेल्सीपासून सुरू होऊन लिन, मार्बलहेड, सेलम, डॅन्व्हर्स, मिडलटन, अँडोव्हर, मेथ्यूएन, हेव्हरिल, एम्सबरी असं वळसा घालत समुद्रावरच्या सॉल्झबरीला टेकणारा एक बारीक पट्टा, आणि त्याच्या पोटात उरलेली सगळी गावं. पट्ट्याला तीन जागा, पोटातल्यांना दोन. ११ फेब्रुवारी १८१२ रोजी त्याच पक्षाचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरींनी सही केली.

मार्चअखेर बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात त्या पट्ट्याचं चित्र आलं. नकाशालाच पंख, नखं आणि दात काढलेले. सॅलमँडर हा पालीसारखा, ओल्या अंगाचा प्राणी. गेरी अधिक सॅलमँडर मिळून शब्द झाला गेरीमँडर. पुढे लोकांच्या तोंडी तो जेरीमँडर झाला.

मी ते चित्र कागदावर छापून आण्णांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, चित्रातल्या अंगावरची गावांची नावं एकेक लावून घेतली आणि म्हणाले, "हा तर बांध कोरलाय."

इतक्या वर्षांत या प्रकाराला मराठीत काय म्हणावं हे मला सुचलं नव्हतं. पावसाळ्याआधी शेजारी नांगराचं एक तास बांधात घालतो, पुढच्या वर्षी आणखी एक. जमीन कागदावर तेवढीच असते आणि पीक मात्र सरकत जातं. तेच हे.

रविवारी आम्ही तो पट्टा गाडीने फिरलो. चेल्सीहून निघालो, मार्बलहेडला थांबलो. गेरी मूळचे इथलेच. वॉशिंग्टन स्ट्रीटवरचं त्यांचं जन्मघर रस्त्यावरून दिसतं. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर यांची सही आहे. १७८७ मध्ये राज्यघटनेच्या मसुद्यावर मात्र त्यांनी सही केली नाही, कारण त्यात नागरिकांच्या हक्कांची सनद नव्हती. एवढ्या तत्त्वाच्या माणसाने ही सही का केली? त्यांचं चरित्र लिहिणाऱ्या जावयाने नोंदवलंय की विधेयक गेरींना आवडलेलं नव्हतं. आण्णांनी यावर एवढंच म्हटलं, "सही करणाऱ्याचंच नाव राहतं. मोजणीच्या कागदावर माझं असायचं तसं."

निकाल सांगायचा राहिला. १८१२ मध्ये राज्यभर फेडरलिस्टांना ५१,७६६ मतं पडली आणि सिनेटच्या ११ जागा मिळाल्या. दुसऱ्या पक्षाला ५०,१६४ मतं आणि २९ जागा. खुद्द गेरी गव्हर्नरपदाची निवडणूक हरले. राज्यभर एकच मोजणी असलेल्या त्या पदाला बांध कोरून उपयोग नव्हता. पुढे ते देशाचे उपाध्यक्ष झाले आणि १८१४ मध्ये पदावर असतानाच वारले. कायदा १८१३ मध्येच रद्द झाला. शब्द तेवढा राहिला.

परतीच्या वाटेवर अँडोव्हरच्या हद्दीजवळ आण्णांनी गाडी थांबवायला लावली. पाचोळ्यात ग्रॅनाइटचा कमरेएवढा दगड होता, एका बाजूला 'ए' कोरलेला, दुसऱ्या बाजूला शेजारच्या गावाचं अक्षर. इथे कायदाच आहे की दर पाच वर्षांनी दोन्ही गावांच्या कारभाऱ्यांनी हद्दीवर जाऊन असे दगड जागेवर आहेत का ते बघायचं. आण्णा खाली बसले, दगडावरची शेवाळ अंगठ्याने पुसली, अक्षराच्या खाचेतून बोट फिरवलं. निवृत्त झाल्यापासून मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

"गावाला दगड आहे. मग मतदारसंघाला?" त्यांनी विचारलं.

मतदारसंघाला दगड नसतो. दर दहा वर्षांनी जनगणना झाली की रेषा नव्याने आखतात. आणि आखतं कोण, तर विधिमंडळ. म्हणजे त्याच रेषांवर निवडून यायचंय तेच आमदार. आपल्याकडे वेगळा परिसीमन आयोग असतो. आमदार-खासदार त्यात सहयोगी सदस्य म्हणून बसतात, पण त्यांना मत नसतं. आमचा मतदारसंघ गेला तेव्हा आण्णा आयोगावर खूप चिडले होते. त्या दगडाजवळ मात्र ते म्हणाले, "मोजणी मागणाऱ्यानं स्वतः साखळी धरायची नसते. एवढं तरी आपल्याकडं पाळलं."

आमदारांच्या हातात साखळी दिली की काय होतं ते याच राज्यात पुन्हा दिसलं. २००१ मध्ये आखलेला राज्याच्या प्रतिनिधिगृहाचा, म्हणजे खालच्या सभागृहाचा, बॉस्टनमधला नकाशा २००४ मध्ये फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयाने फेटाळला, कारण त्यात कृष्णवर्णीय मतदारांचं वजन कमी केलं होतं. त्या खटल्यातल्या साक्षीवरून त्या सभागृहाच्या तेव्हाच्या सभापतींनी २००७ मध्ये न्यायात अडथळा आणल्याचा गुन्हा कबूल केला. लोकसंख्येत मतदारसंघ सारखे हवेत हे १९६४ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं. पण पक्षाच्या फायद्यासाठी आकार वेडावाकडा केला तर फेडरल न्यायालयं त्यात पडणार नाहीत, असंही २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं. मला तो निकाल फार लागला.

तरी जुन्या सॅलमँडरच्या पाठीवर चांगलंही घडलंय. अँडोव्हर आणि मेथ्यूएनमधून जमीन काढून १८४७ मध्ये लॉरेन्स हे गिरणीगाव उभं राहिलं. आज तिथे बहुतेक वस्ती लॅटिनो, त्यातही डॉमिनिकन लोक खूप. २०२१ च्या आखणीत लॉरेन्स, मेथ्यूएन आणि हेव्हरिलचा काही भाग एकत्र ठेवून 'पहिला एसेक्स' केला. २०२२ मध्ये तिथून पावेल पायानो हे लॉरेन्सचे, डॉमिनिकन कुटुंबातले सिनेटर निवडून आले. रेषा लोकांना एकत्र ठेवायलाही ओढता येते.

सॉल्झबरी, म्हणजे चित्रातलं डोकं, राहिलं होतं. तिथे आम्ही पुढच्या शनिवारी गेलो. मेरिमॅक नदी तिथे समुद्राला मिळते. वाळूवर उभं राहिलं की पाण्यापलीकडे न्यूबरीपोर्टकडचा किनारा दिसतो. आण्णांनी खिशातून घडी पडलेलं ते चित्र काढलं, नदीच्या दिशेने फिरवून धरलं.

"आणि ते पलीकडचं?"

"ते पोटात. दुसऱ्या मतदारसंघात होतं."

"का? नदी मध्ये आहे म्हणून?"

"नाही आण्णा. तिकडे फेडरलिस्ट होते म्हणून."

त्यांनी कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला. बराच वेळ ते पलीकडच्या काठाकडे बघत राहिले, शेतात पोचल्यावर मोजणी सुरू करण्याआधी बघायचे तसे.