बॅच क्रमांकाखालचा तडा

मोडलेला दांडा घेऊन अस्थिशल्यविशारद स्वतःच आमच्या प्रयोगशाळेत आले आणि म्हणाले, "रुग्ण पडलेले नाहीत. खुर्चीतून उठताना मोडला." खुब्याच्या कृत्रिम सांध्याचा तो टायटॅनियमचा दांडा मांडीच्या हाडात घट्ट बसलेला होता; मोडला तो मानेपाशी, म्हणजे सांध्याचा चेंडू बसतो त्या टोकाखालच्या अरुंद भागात, आणि उरलेला भाग काढण्यासाठी हाड उभे कापावे लागले होते. दोन्ही तुकडे त्यांनी वेगवेगळ्या पिशव्यांत आणले होते, याचे मला फार समाधान वाटले, कारण तुटलेले भाग बहुधा एकमेकांवर जुळवून पाहिले जातात आणि तेवढ्या घासण्याने भंगपृष्ठावरचा पुरावा पुसला जातो.

मिश्रधातूत दोष सापडला नाही. अ‍ॅल्युमिनियम सुमारे 6 टक्के, व्हॅनेडियम सुमारे 4 टक्के, ऑक्सिजन 0.13 टक्क्याच्या मर्यादेत, कणरचना बारीक आणि एकसारखी. असा टायटॅनियम गुळगुळीत नमुन्यावर भार देण्याच्या आणि काढण्याच्या एक कोटी आवर्तनांपर्यंत साधारण 500 मेगापास्कलच्या वरचा ताण सोसतो. माणूस वर्षाला एकेका पायाने सुमारे दहा लाख पावले टाकतो, हे लक्षात घेतले तरी ही मान टिकायला हवी होती.

भंगपृष्ठ साफ करून स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवले. ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा वक्र रेषा जवळजवळ संपूर्ण छेदावर पसरल्या होत्या आणि एकदम तुटलेला खडबडीत भाग अगदी थोडा होता. म्हणजे भार माफक होता, तडा सावकाश वाढत गेला होता. त्या रेषांचा माग उलटा काढत मी मानेच्या वरच्या, बाहेरच्या कडेशी पोहोचलो. तडा जिथे सुरू झाला होता, तिथे बॅच क्रमांकातल्या एका अंकाची रेघ होती.

तो क्रमांक लेझरने कोरलेला होता. लेझरखाली टायटॅनियमचा पातळ थर वितळतो, हवेतला ऑक्सिजन शोषतो आणि क्षणात गोठतो. मागे राहतो तो कठीण, ठिसूळ थर, त्यात केसासारख्या भेगा आणि आकुंचनामुळे अडकून राहिलेला ताण. आडवा छेद घेऊन पॉलिश केल्यावर हा थर आणि त्याखालची सुईसारखी रचना स्पष्ट दिसली. त्यातच चालताना मानेच्या या बाजूवर ओढ येते आणि आतल्या बाजूवर दाब. टायटॅनियम खाचेला फार हळवा आहे. या जागी नखाने जाणवणारही नाही एवढी रेघ त्याला पुरते. क्रमांक आवश्यकच आहे, कारण त्याच्याच आधारे त्या बॅचचे दांडे बसवलेल्या इतर रुग्णांचा शोध घेता येतो, आणि तो शोध लगेच सुरू करावा, असे मी अहवालात पहिल्याच परिच्छेदात लिहिले. मात्र तो कुठे कोरायचा, हा निर्णय रेखाचित्र करणाऱ्याचा आहे, छपाई विभागाचा नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

पुढे आम्ही त्याच दांड्यांचे तीन गट केले: क्रमांक नसलेले, क्रमांक कोरलेले, आणि कोरल्यानंतर शॉट पीनिंग, म्हणजे बारीक गोळ्यांचा मारा, केलेले. मानेच्या चाचणीत आयएसओ 7206-6 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 5340 न्यूटनचा भार एक कोटी वेळा द्यावा लागतो. सेकंदाला दहा आवर्तने दिली तरी अकरा दिवसांहून अधिक लागतात. पीनिंगमध्ये गोळ्यांच्या माऱ्याने पृष्ठभागाखालच्या थरात दाब साठतो आणि तडा उघडू पाहतो, तेव्हा तो दाब त्याला मिटून धरतो. आम्ही सिरॅमिकच्या गोळ्या वापरल्या, कारण पोलादी गोळ्या टायटॅनियमवर लोखंडाचे कण सोडतात. मारा किती तीव्र, हे अल्मेन पट्टी, म्हणजे त्याच माऱ्याखाली ठेवलेली पोलादाची पातळ पट्टी, किती वाकते त्यावरून ठरवले; तो अती झाला तर पृष्ठभाग दुमडून नवी खाच तयार होते. चेंडू बसतो तो निमुळता भाग झाकून ठेवला, नाहीतर तिथली बैठकच बिघडली असती.

कोरलेले नमुने लवकर मोडले, आणि तडा प्रत्येक वेळी अक्षरांतूनच निघाला. पीनिंग केलेले पुष्कळ अधिक टिकले, पण क्रमांक नसलेल्यांची बरोबरी त्यांनी केली नाही. म्हणून मी दोन्ही उपाय सुचवले: क्रमांक मानेवरून काढून दांड्याच्याच कमी ताणाच्या खांद्यावर न्यावा, आणि मानेचे पीनिंग तरीही करावे. खर्चाच्या कारणाने दुसरा उपाय वगळण्याची सूचना आली, तेव्हा मी तिला लेखी विरोध केला, कारण शस्त्रक्रियेच्या वेळी हत्याराचा ओरखडा नेमका मानेवरच उठू शकतो, आणि तो कुठे उठेल हे कोणत्याही रेखाचित्रात ठरवता येत नाही.