पाकोळ्या कमी झाल्या का?

तुम्ही विचारलंत म्हणून वह्या पुन्हा काढल्या. 'तीस वर्षं पक्षी बघताय, तुम्हाला माहीत असणारच,' हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. 1996च्या वहीत लिहिलंय, 'पाकोळ्या भरपूर.' 2003मध्ये, 'पाकोळ्या आहेत.' भरपूर म्हणजे चाळीस की चारशे? रोज दिसणारा पक्षी मोजायचा कशाला, असं तेव्हा वाटायचं.

माझी एकटीचीच ही चूक नाही. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरच्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'च्या 2023च्या अहवालात 338 जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यातल्या 204 घटल्यात. पण तो कल पक्षीनिरीक्षकांच्या किती याद्यांमध्ये पक्षी नोंदला गेला त्यावरून काढतात. थव्यात दोनशेच्या वीस झाल्या तरी यादीत पाकोळी असतेच. उत्तर अमेरिकेत 1966पासून ठरलेल्या रस्त्यांवर पन्नास-पन्नास थांबे घेऊन, प्रत्येक ठिकाणी तीन मिनिटं पक्षी मोजतात. म्हणून तर पाकोळीसारखे उडता उडता किडे टिपणारे तिथले पक्षी 1970पासून जवळपास एक तृतीयांश घटले, हे 2019मध्ये सांगता आलं.

तुम्हाला आकडा हवाय. माझ्याकडे एक दुपार आहे. 2011चा एप्रिल. पुण्यातल्या आमच्या सोसायटीचं रंगकाम चाललं होतं आणि सेक्रेटरी मीच होते. पोर्चच्या छताला थुंकीने चिकटवलेल्या पिसाकाड्यांची घरटी होती. रंगाऱ्याने विचारलं, "मॅडम, हे काढायचं ना?" आत-बाहेर करणारं कुणी दिसेना. मी म्हटलं, "काढा." थोड्या वेळाने तो थापी आडवी धरून वर आला. "ताई, यात जीव आहे." दोन उघडी पिल्लं, डोळे मिटलेले. पाकोळी शेकडो बारीक किड्यांची गोळी करून घशातून आणते. मी उकडलेल्या अंड्याचा चुरा भरवत बसले. एक रात्री गेलं, दुसरं सकाळी. संध्याकाळी मोठ्या पाकोळ्या किंचाळत पोर्चमध्ये शिरत, ओल्या छतापर्यंत जात आणि वळत. आठवडाभर.

मी मुद्दाम केलं नाही. पण दुपारी त्या चरायला गेलेल्या असतात, हे मला माहीत होतं. त्यानंतर कितीतरी वर्षं मी प्रत्येक भाषणात फक्त कीटकनाशकांवर बोलत राहिले. ते खोटं नव्हतं, किडेच नसतील तर पाकोळी खाणार काय? तरी आमच्या गल्लीतल्या पाकोळ्या किड्यांअभावी गेल्या की रंगकामाने, हे माझ्या 'भरपूर'वरून कुणालाच काढता येणार नाही.

परवा संध्याकाळी जुन्या पुलाखाली मोजल्या. एक्केचाळीस. पुन्हा मोजल्या तर सदतीस भरल्या. दोन्ही आकडे वेळेसकट लिहून ठेवलेत.