धाक बसतो कशाने?

दंड वाढवला की लोक वळणावर येतात आणि तोफा वाढवल्या की शत्रू फिरकत नाही, हे दोन्ही समज अर्धवट आहेत. धाक बसायला ताकद हवी, ती वापरायची तयारी हवी, आणि समोरच्याला या दोन्हींची खात्री हवी. ही खात्री गेली की बाकी सगळे कागदावर राहते.

१९६१ चा गोवा हे याचे अस्सल उदाहरण. पोर्तुगालचे इथले सैन्य काही हजारांचे. लढाऊ विमान एकही नाही. म्हणण्यासारखे युद्धजहाज एकच, १९३० च्या दशकातले 'अफोन्सो द अल्बुकर्क'. म्हणजे 'तुम्हाला गोवा घेताच येणार नाही' हा धाक मुळातच नव्हता. उरला दुसरा: 'घ्याल तर मागाहून भोगाल.' पण भोगायला लावणार कोण? पोर्तुगालचे पंतप्रधान सालाझार यांची भिस्त नाटोवर आणि १३७३ पासूनच्या इंग्लंडच्या मैत्रीवर. नाटो कराराचे सहावे कलम उघडून बघा. त्यातले संरक्षण मुख्यतः युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेचा अटलांटिक यांपुरते आहे. गोवा १५ अक्षांशावर, अरबी समुद्राकाठी. इंग्लंड राष्ट्रकुलातल्या देशावर बंदूक रोखणार नव्हते. भारताने थांबावे हा सुरक्षा परिषदेतला ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. परक्याच्या जिवावर दिलेली धमकी दिल्लीने ओळखली होती. लिस्बनहून निदान आठ दिवस टिकून राहण्याचा हुकूम आला, पूल उडवले गेले, तरी १८ डिसेंबरला सुरू झालेली कारवाई १९ तारखेला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांच्या शरणागतीने संपली. धाकाचे काम समोरच्याचा निर्णय होण्यापूर्वीचे. एकदा फौज निघाली की पूल उडवून थोडा वेळ मिळतो, इतकेच.

रस्त्यावरचा हिशेब हाच आहे. सुधारित मोटार वाहन कायद्याचे वाढीव दंड गोव्यात १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडले तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आकडा जबर आहे. पण सापडण्याची शक्यता हजारात एक असेल, तर बागा-कळंगुटहून रात्री निघालेल्या चालकाच्या मनात त्याची किंमत दहा रुपये. शंभरात पाच असेल, तर तोच तालांव, म्हणजे दंड, ५०० चा होतो. इटालियन विचारवंत बेक्कारियाने १७६४ मध्येच बजावले होते: शिक्षा किती कडक यापेक्षा ती किती अटळ, याचा परिणाम मोठा.

म्हणून नाकाबंदी ठरलेल्या पुलाच्या तोंडाशी ठरलेल्या वेळी लावणे हा मनुष्यबळाचा अपव्यय आहे. ठिकाण व्हॉट्सॲपवर फिरते आणि गाड्या आतल्या वाटेने सुटतात. थोडा वेळ उभे राहा, जागा बदला, पुन्हा या. अमेरिकेत मिनियापोलिसमधल्या पोलीस गस्तीवर १९९५ साली झालेल्या अभ्यासात दिसले, की गुन्ह्यांच्या ठिकाणी १०-१५ मिनिटे थांबल्याचा वचक पोलीस गेल्यावरही सर्वांत जास्त टिकतो; त्याहून जास्त थांबून भर पडत नाही. मद्याच्या तपासणीत आणखी एक पथ्य हवे: संशय येईल त्यालाच नव्हे, कोणालाही थांबवायचे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने डिसेंबर १९८२ पासून हेच केले आणि मृत्यू घटले.

खटले ढासळतात ते बारीक चुकांनी. नुकताच घोट घेतलेल्याच्या तोंडातच मद्य असते, त्यामुळे आकडा फुगतो. १५ मिनिटे थांबवून मगच श्वासातले मद्य मोजणाऱ्या यंत्रात फुंकायला लावावे. प्रत्येकाला नवी नळी, यंत्राच्या अंशांकनाचा (ते आकडा बरोबर दाखवते याचा) चालू दाखला आणि छापील नोंद, यातले काहीही राहिले तर बचावाच्या वकिलाला तेवढे पुरते. एक आरोपी असा सुटला की गावभर कळते.

सगळ्यात दुर्लक्षित बाब उलट्या बाजूची आहे. धमकीच्या पोटात एक वचन असते: नियम पाळलास तर तुला त्रास नाही. प्यालेला नाही, हेल्मेट आहे, कागद बरोबर आहेत, अशालाही अर्धा तास ताटकळत ठेवले तर पाळण्याचा फायदाच उरत नाही. त्याला मिनिटभरात, नीट बोलून सोडा.