बाभळीचा काटा, मीठ आणि सुतकातला सराव

आयर्नमॅन ट्रायथलॉन म्हणजे एकापाठोपाठ ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल, ४२.२ धावणं. विदर्भातल्या गावरस्त्यांवर सायकलचा खरा वैरी बाभळीचा काटा. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. मोडलेलं टोक तसंच राहिलं तर नवी ट्यूबही लगेच पंक्चर होते. उन्हात तासन्‌तास नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळतं. लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. जांघेला व्हॅसलिन निघण्याआधीच. सोलल्यावर लावून काय उपयोग?

घरात मयत झाली असेल तर झोप तुटते, नाडी सकाळीच चढलेली असते. तेव्हा वेग सोडा, फक्त वेळ भरा. पोहताना रडू आलं तर उताणं होऊन तरंगा. स्पर्धेत बचावाची होडी धरून थांबता येतं, तिच्या आधारानं पुढे मात्र सरकायचं नाही.